‘नस जाळतात म्हणे, करू का?’

पत्र:

मी कऱ्हाडची, वय ४४. पतसंस्थेत कॅशला बसते. अडीच वर्षांपूर्वी पावसाळ्यात दाराच्या पायरीवरून घसरले आणि सरळ बुडावर आपटले. तेव्हापासून माकडहाड दुखतं. उभी असेन, चालत असेन तर काही नाही. बसलं की पंधरा मिनिटांत ठणका सुरू, आणि खुर्चीतून उठताना तर जीव जातो. घरी मी ‘कंबर दुखते’ एवढंच सांगते. गोळ्या झाल्या, शेक झाला, मेडिकलमधून मूळव्याधीची गोल रबरी रिंग आणून झाली. इथल्या डॉक्टरांनी ओपीडीतच एक इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं वाटलं. मग कोल्हापूरला पेन क्लिनिकमध्ये मशिनखाली दुसरं दिलं. त्याच दिवशी एसटीनं परत आले, बसायला जागा मिळाली आणि कऱ्हाडपर्यंत दुखलं नाही. तीन आठवडे छान गेले, पुन्हा तेच. आता ते डॉक्टर पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी करू म्हणतात. धाकटे दीर म्हणतात, नस जाळतात, नंतर संडास-लघवीवरचा ताबा जातो. दुबईची बहीण म्हणते, हाडच काढून टाक. मला साखर आहे, गोळी चालू आहे. थोरले दीर आता नाहीत, त्यामुळे वैशाखात पुतणीचं कन्यादान आम्हा दोघांना करायचंय. कागदांच्या झेरॉक्स सोबत जोडल्यात. करू का?

– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ‘बसायला जागा मिळाली आणि कऱ्हाडपर्यंत दुखलं नाही.’ कोल्हापूर ते कऱ्हाड म्हणजे एसटीनं दीड-दोन तास. जिला कॅशच्या खुर्चीत पंधरा मिनिटं काढता येत नाहीत, ती एसटीच्या बाकावर तेवढा वेळ बसून आली. फायलीतल्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा मला हे जास्त सांगून जातं. का, ते पुढे येईलच.

उत्तर आधी देते. पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे सुईतून थांबून थांबून वीज सोडणं, तुमच्यासाठी वाजवी उपचार आहे, आणि दिरांना वाटते तेवढी भीती त्यात नाही. मात्र त्याआधी व्हायला हवा असा एक साधा एक्स-रे राहून गेलाय. तो झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. आणि कायमचं बरं वाटेल असं धरून चालू नका. बसता येण्याजोगे काही महिने मिळाले, तरी मी उपचार लागू पडला असंच म्हणेन. मी स्वतः मूळची भूलतज्ज्ञ, आता वेदनांवरचे उपचार करते, अशा सुया माझ्या रोजच्या कामातल्या. त्यामुळे माझा कल सुईकडे असणार, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आधी तुमची फाइल. त्यात एमआरआय आहे, पण तो कंबरेचा. कंबरेच्या एमआरआयमध्ये माकडहाड बहुतेक वेळा पुरतं येतच नाही, शेवटचे तुकडे चौकटीबाहेर राहतात. रिपोर्टमध्ये ‘एल-४ एल-५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी थोडी फुगली आहे’ असं लिहिलंय. तुमच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये हेच सापडतं. म्हणजे घरी ‘कंबर’ म्हणालात, तीच कंबर दवाखान्यात गेली, केसपेपरवर चढली आणि हजारो रुपये खर्चून कंबरेचाच फोटो निघाला. याचा दोष तुम्हाला देत नाही. या जागेचं दुखणं बायका सहा-सहा महिने कुणाला सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी ‘खाली दुखतंय’ यापुढे शब्द जात नाही. माकडहाडाचं दुखणं बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे पाचपट आढळतं. त्यात भर या संकोचाची.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना बोट ठेवून जागा दाखवा. आणि ते तपासू द्या. माकडहाडाची तपासणी बाहेरून दाबून होते, आणि नीट करायची तर गुदद्वारातून बोट घालून हाड पुढून-मागून धरून हलवून होते. तुमच्या कागदांत अशी तपासणी झाल्याची एक ओळही मला दिसली नाही. पुरुष डॉक्टर असतील तर नर्स किंवा घरातली बाई खोलीत थांबवा, तो तुमचा हक्क आहे आणि कुठलाही चांगला डॉक्टर हे स्वतःहून विचारतो. हाड दाबल्यावर नेमकं तुमचंच ते रोजचं दुखणं उठलं, तर निदानाची अर्धी वाट सरली. तिथे केस रुतून झालेला फोड, गळू किंवा नासूर नाही ना, हेही त्याच वेळी पाहून होतं.

आता एक्स-रे. तुमचा एक एक्स-रे आहे, ‘नॉर्मल’, पण तो झोपवून काढलेला. तुम्हाला झोपल्यावर दुखतं का? नाही. बसल्यावर दुखतं. मग फोटो बसलेला असताना हवा. पॅरिसचे डॉक्टर ज्याँ-ईव्ह मेन्य यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली: एक बाजूचा एक्स-रे उभं राहून, दुसरा कडक स्टुलावर, जसं बसलं की सर्वांत जास्त दुखतं तसंच बसून, मग दोन्ही एकमेकांवर ठेवून हाड किती वळतं ते मोजायचं. साधारण ५ ते २५ अंशांपर्यंत वळणं हे नेहमीचं. त्याहून जास्त वळत असेल, किंवा बसल्याबरोबर एक तुकडा दुसऱ्यावरून मागे घसरत असेल, तर हाड अस्थिर आहे. कधी टोकाला छोटा काटा असतो, तो बसताना आतून कातडीला टोचतो. यातलं झोपलेल्या एक्स-रेत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. याला वेगळं यंत्र लागत नाही, कऱ्हाडातल्या कुठल्याही एक्स-रे सेंटरात होईल. फक्त डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘माकडहाड, बाजूनं, उभं आणि बसून’ असं स्पष्ट लिहून द्यायला हवं, नाहीतर तंत्रज्ञ सवयीनं पुन्हा टेबलावर आडवं करेल. माकडहाडाचाच एमआरआय करायचा की नाही, ते हे फोटो पाहून ठरेल.

मग दोन इंजेक्शनं. तुम्ही ‘एक आणि दुसरं’ असं लिहिलंय, जणू एकाच औषधाचे दोन डोस. कागद वेगळं सांगतात. ओपीडीतलं इंजेक्शन हाताला लागेल तिथे, हाडाच्या आसपास दिलेलं. कोल्हापूरचं होतं गँग्लियन इम्पार ब्लॉक. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी सिंपथेटिक नसांच्या (शरीराची आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या) दोन माळा खाली उतरत येतात आणि माकडहाडाच्या पुढ्यात एकत्र येऊन त्यांची एकच गाठ होते. बाकी सगळ्या गाठी जोडीनं, ही एकटी. गुदद्वाराभोवतीच्या आणि माकडहाडाच्या दुखण्याचे बरेच संदेश या गाठीतून वर जातात. मेक्सिकोच्या रिकार्डो प्लान्कार्ते यांनी १९९० मध्ये या गाठीला बधिर करण्याची पद्धत मांडली, ती कॅन्सरच्या रुग्णांसाठी. पुढे माकडहाडाच्या साध्या दुखण्यालाही ती वापरात आली.

तर त्या दिवशी तुमची ही गाठ काही तासांसाठी बधिर होती. इंजेक्शनात स्टेरॉइडही होतं, पण त्याचा परिणाम यायला दोन-तीन दिवस लागतात. एसटीत जो आराम मिळाला तो बधिर करणाऱ्या औषधाचा. म्हणजे दुखण्याची वाट तिथूनच जाते, याचा बऱ्यापैकी पुरावा तुम्ही बाकावर बसून गोळा केलात. बऱ्यापैकीच म्हणते, कारण सुई त्या गाठीपर्यंत बहुधा सेक्रम (माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड) आणि माकडहाड यांच्या सांध्यातूनच नेतात, तेव्हा थोडं औषध सांध्यातही पसरलेलं असू शकतं. आणि ‘मोठ्या मशिनखाली काहीतरी केलं’ या विश्वासाचाही वाटा असतोच. तरीही हा सगळा प्रवास डॉक्टरांना सांगा. ब्लॉकनंतर पेशंटला ‘बरं वाटतंय का’ एवढं विचारून घरी धाडतात. कडक बाकावर किती वेळ बसता आलं हे कुणी विचारत नाही. माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे.

आता यंत्राकडे वळू. रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणजे सुईच्या टोकातून जाणारी, सेकंदाला सुमारे पाच लाख वेळा दिशा बदलणारी वीज. सुई सगळीकडून आवरण घातलेली, फक्त टोकाचे काही मिलिमीटर उघडे. ही वीज दोन तऱ्हांनी देतात. पहिली, नेहमीची: वीज सतत सोडून टोकाजवळचा भाग ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचा, साधारण दीड मिनिटापर्यंत. यात नस खरोखरच भाजते. दिरांनी ऐकलंय ते हे.

दुसरी पल्स्ड. नेदरलँड्सचे डॉक्टर मेन्नो स्लाउटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ती पुढे आणली. सेकंदातून दोनदा वीज सोडायची, तीही प्रत्येक वेळी जेमतेम २० मिलिसेकंद, आणि मधले ४८० मिलिसेकंद शांत. त्या विश्रांतीत उष्णता विरून जाते, टोकाचं तापमान ४२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. ४२ अंश म्हणजे आंघोळीचं कडक पाणी. त्यानं नस जळत नाही. मग दुखणं कमी कसं होतं? विजेच्या क्षेत्रामुळे नसेची संदेश पुढे पाठवण्याची सवय बदलते, असं मानतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसे बदल दिसलेत. पण नेमकं काय होतं यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. जो डॉक्टर तुम्हाला हे छातीठोकपणे समजावतो, तो थोडं जास्त बोलतोय असं समजा.

ताबा जाण्याची भीती खोडून काढायला हवी, कारण या एका भीतीपायी अनेक बायका वर्षानुवर्षं दुखणं काढतात. संडास-लघवी अडवून धरणारे स्नायू ज्या नसांवर चालतात, त्या सेक्रमच्या दुसऱ्या ते चौथ्या पातळीवरून निघतात. गँग्लियन इम्पार त्या वाटेवर नाही. शिवाय वीज देण्याआधी सुईतून बारीक करंट सोडून तपासतात: स्नायू फडफडले किंवा पायात, योनीजवळ काही जाणवलं, तर सुई चुकीच्या शेजारात आहे, ती हलवायची. खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. या गाठीच्या अगदी पुढ्यात गुदाशय असतो. सुई चार-पाच मिलिमीटर जास्त गेली तर ती त्याच्या भिंतीत जाऊ शकते आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून हे काम सी-आर्मशिवाय (सुई कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारं एक्स-रे यंत्र) कुणी ‘अंदाजानं’ करू म्हणालं तर उठून या. बाजूचा फोटो घेत घेत सुई नेणं, मग रंगद्रव्य सोडून ते हाडाच्या पुढ्यात स्वल्पविरामासारखं पसरलेलं पाहणं, त्यानंतरच वीज. हा क्रम ठरलेला आहे. तुमच्या आधीच्या ब्लॉकच्या नोंदीत रंगद्रव्याचा उल्लेख आहे, सी-आर्मच्या फोटोची प्रतही जोडलीय. कोल्हापूरच्या डॉक्टरांविषयी माझं मत त्यावरूनच चांगलं झालं.

पुरावा किती? इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. माकडहाडासाठी पल्स्ड उपचारावरचे अभ्यास थोडे, आणि त्यातले बहुतेक छोटे. आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये २० रुग्णांचा अनुभव छापला. गँग्लियन इम्पारवर पल्स्ड दिल्यावर त्यातल्या बहुतेकांना चांगला आराम पडला. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि माकडहाड कधी कधी वेळ जाईल तसं आपोआपही निवतं. उलट २०१८ मध्ये भारतातल्याच डॉक्टरांनी छापलेल्या अभ्यासात रुग्णांचे दोन गट केले होते. दुखणं गुदद्वार आणि योनी यांच्या भागातलं, जुनाट, कॅन्सर नसलेलं. जागा हीच गाठ. एका गटाला तापवणारी रेडिओफ्रिक्वेन्सी, दुसऱ्याला पल्स्ड. तापवणारीचा फायदा स्पष्टपणे जास्त दिसला. ते सगळे रुग्ण तुमच्यासारखे नव्हते, तरी हा निकाल बाजूला सारता येत नाही.

तेव्हा डॉक्टरांना विचारा: ‘माझ्यासाठी तापवणारी न निवडता पल्स्ड का?’ यावर पटण्यासारखं उत्तर असू शकतं. गुदाशय इतका जवळ आहे, शेजारचं काही भाजण्याचा धोका पल्स्डमध्ये फार कमी, नस अर्धवट जळाल्यावर कधी कधी जी नवी आग-आग सुरू होते तीही जवळजवळ नाही. म्हणून पहिली पायरी सौम्य. हे मला पटतं. पहिल्या खेपेला मीही बहुधा पल्स्डच करेन. पण मग एक गोष्ट आधी ठरवून ठेवा: तीन महिन्यांत उपयोग झाला नाही, तर तेच पुन्हा करायचं नाही. ‘अजून दोन सिटिंग घेऊ’ म्हणाले तर नाही म्हणा आणि तापवणारीबद्दल बोला. उपयोग झाला, सहा-आठ महिने टिकला आणि मग ओसरला, तर पुन्हा करणं ठीक.

यश मोजायला साधी वही ठेवा. एक लाकडी खुर्ची ठरवा, रोज संध्याकाळी तीवर उशीशिवाय बसा आणि उठावंसं वाटेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. उपचाराच्या आधी आठवडाभर, नंतर तीन महिने. ‘दहापैकी किती दुखतं’ हा आकडा मूडवर वरखाली होतो. मिनिटं तशी होत नाहीत. पहिले काही दिवस उलट जास्त दुखेल, सुईच्या जागेचं. पल्स्डचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून चौथ्या दिवशी रडत फोन करू नका.

प्रत्यक्ष दिवशी फारसं काही नसतं. पालथं झोपवतात, पोटाखाली उशी, मांडीला एक पॅड चिकटवतात, जागा बधिर करतात. भूल सहसा पूर्ण नसते, कारण करंट कुठे जाणवतो हे तुम्हीच सांगायचं असतं. संध्याकाळी घरी. परत येताना या खेपेला कुणाला तरी सोबत न्या, आणि एसटीऐवजी गाडीनं या. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, अंगात ताप किंवा तिथे गळू यांपैकी काही असेल तर आधी सांगायचं. पाळी चुकलेली असेल तर तेही. एक्स-रेचे किरण वापरतात.

साखरेचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकलाय, मला तो मोठा वाटतो. दोन्ही इंजेक्शनांत स्टेरॉइड होतं, आणि स्टेरॉइडनं साखर काही दिवस, कधी आठवडाभरही, वर जाते. पल्स्डसाठी स्टेरॉइड लागत नाही. काही डॉक्टर सवयीनं शेवटी थोडं सोडतात. ‘माझी साखर पाहता ते टाळता येईल का’ असं आधी विचारा. तिसऱ्यांदा स्टेरॉइड घेण्यापेक्षा पल्स्ड बरं, असं मला वाटण्याचं हेही एक कारण आहे. तारखेआधी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या. फार वाढलेलं असेल तर आधी ते खाली आणा.

पैशांचं: ‘पॅकेज’ सांगतील, त्याची फोड लेखी मागा. सी-आर्मचं भाडं, ओटी, सुई, डॉक्टरांची फी वेगवेगळी. पतसंस्थेचा गट विमा असेल तर तो डे-केअरमध्ये हा उपचार धरतो का, हे आधीच लेखी विचारून मंजुरी घ्या. झाल्यावर बिल पाठवून भांडत बसायला लागतं. कर्ज काढून मात्र हे करू नका. इतक्या तोकड्या पुराव्याच्या उपचारासाठी दागिना गहाण टाकणं मला मान्य नाही.

बहिणीचं म्हणणं. हाड काढण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि योग्य माणसात ती चांगली लागू पडते. योग्य म्हणजे बसलेल्या एक्स-रेत ज्यांचं हाड घसरताना किंवा काटा टोचताना दिसतो ते. जखम गुदद्वाराच्या अगदी वर असते, त्यामुळे ती चिघळण्याचा धोका इतर शस्त्रक्रियांपेक्षा जास्त. साखर असेल तर आणखी. भरून यायला महिने जातात. म्हणून ती शेवटी. आणि म्हणूनच त्या एक्स-रेसाठी मी इतकी अडून बसलेय: त्यात हाड स्पष्ट घसरताना दिसलं, तर पल्स्डच्या यशाची आशा मी कमी धरेन आणि हाडांच्या डॉक्टरांचं मत लवकर घ्यायला सांगेन. कुणी हाडवैद्य ‘सरकलंय, बसवून देतो’ म्हणेल, तिकडे जाऊ नका. गुदमार्गातून हाड आणि स्नायू हळूच ताणण्याची प्रशिक्षित पद्धत असते, मेन्य यांनीच ती तपासून पाहिली आणि फायदा मर्यादित निघाला.

सुई होईपर्यंत आणि झाल्यावरही करायच्या काही गोष्टी. ती रबरी रिंग टाकून द्या. मध्ये भोक असलं तरी माकडहाडाची मागची बाजू तिच्यावर टेकतेच, आणि बऱ्याच जणींचं दुखणं तिनं वाढतं. हवी ती पाचरीसारखी उशी, मागच्या कडेला मध्यभागी खाच असलेली, म्हणजे माकडहाड अधांतरी राहतं. गादीवाल्याकडून किंवा फोमच्या दुकानातून घट्ट फोमची कापून मिळते. ऑनलाइनची महागडीच हवी असं नाही. बसताना पुढे झुकून बसा, भार मांड्यांवर आणि बसण्याच्या दोन हाडांवर येतो. मागे रेलून टीव्ही पाहणं सर्वांत वाईट, मऊ सोफा त्याहून. उठताना आधी पुढे वाका, मग उठा. उकिडवं बसताना माकडहाडावर भार येत नाही, तेव्हा भाजी निवडायला तसं बसलात तर हरकत नाही. पतसंस्थेत कॅशचं टेबल उंच करून मिळालं तर दिवसातले दोन तास उभ्यानं काम करता येईल. मॅनेजरना ‘कंबर’ सांगितलंत तरी चालेल, तिथे कुणी एमआरआय काढणार नाही.

तुमच्या गोळ्यांच्या पट्टीत ट्रॅमाडॉल आहे. त्यानं बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं, कुंथलं की माकडहाडाला चिकटलेले स्नायू ताणले जातात, आणि तुम्ही दुखतंय म्हणून आणखी एक गोळी घेता. इसबगोल सुरू करा, पाणी वाढवा आणि ही गोळी हळूहळू कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. एकदम बंद करू नका. आणि युट्यूबवर पाहून खालचे स्नायू आवळायचे व्यायाम करत असाल, तर थांबवा. इतकी वर्षं दुखण्याला घाबरून ते स्नायू आधीच आवळलेले असतात. सोडायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट शोधा, ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणारी, कोल्हापूर-पुण्यात मिळतात. सुईनं काही महिने दुखणं निवलं, तर ते महिने या व्यायामासाठी आहेत. एरवी दुखऱ्या स्नायूला काही शिकवता येत नाही.

दुखणं रात्री झोपेतून उठवू लागलं, ताप आला, वजन उगीच उतरलं, जांघेत किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, किंवा लघवी-संडासावरचा ताबा सुईच्या आधीच सुटू लागला, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

आता लग्न. माघ चालू आहे. बसलेला एक्स-रे आणि एचबीए१सी या पंधरवड्यात होईल. फाल्गुनात तारीख मिळाली तर घ्या, गुण यायला चैत्र मोकळा मिळतो. चैत्र अर्धा उलटला तर लग्न होईपर्यंत थांबा, कारण सुईनंतरचे ते पहिले दुखरे दिवस मांडवात नकोत. कन्यादानाला पाटावर बसायचा हट्ट धरू नका. गुरुजींना आठ दिवस आधी फोन करा, चौरंगावर किंवा बैठ्या स्टुलावर बसून सगळे विधी होतात, त्यांनी कितीतरी गुडघेदुखीची जोडपी तशी बसवलेली असतात. खाच असलेल्या फोमच्या उशीला शालूच्या रंगाचा अभ्रा शिवून घ्या, कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि पंगतीला बसू नका, वाढायला उभ्या राहा.